नळी घशात, पाय जमिनीवर: व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाला उठवण्याची सात दशकं

घशात नळी, मागे व्हेंटिलेटरची गाडी, दोन्ही बाजूंना फिजिओथेरपिस्ट आणि सिस्टर, आणि रुग्ण आयसीयूच्या बोळातून हळूहळू चालतो आहे. असा व्हिडिओ पाहिला की पहिली प्रतिक्रिया धास्तीचीच असते: पडला तर? नळी निघाली तर? त्याच्या पाठोपाठ वाटतं, वैद्यकशास्त्राने ही काहीतरी अगदी नवी करामत काढलेली दिसते. प्रत्यक्षात कल्पना जुनी आहे. मध्यंतरी ती हरवली होती, आणि ती का हरवली हे कळल्याशिवाय अशा रुग्णाला कधी आणि किती हलवावं हा आजचा वाद नीट समजत नाही.

सुरुवात १९५२च्या कोपनहेगनपासून करावी लागते. त्या उन्हाळ्यात शहरात पोलिओची भयंकर साथ आली. ब्लेगडाम रुग्णालयात रोज श्वास बंद पडत चाललेली मुलं येत होती, आणि मोठा 'लोहफुप्फुस' म्हणावा असा, रुग्णाला गळ्यापर्यंत आत ठेवून त्याचा श्वास चालवणारा यंत्रसंच एकच होता. पहिल्या काही आठवड्यांत यंत्रावर ठेवलेल्या ३१ रुग्णांपैकी २७ दगावले. भूलतज्ज्ञ ब्योर्न इब्सेन यांनी २७ ऑगस्टला एका बारा वर्षांच्या मुलीच्या श्वासनलिकेला गळ्यातून छेद देऊन नळी घातली आणि रबरी पिशवी हाताने दाबून तिच्या फुप्फुसांत हवा भरली. मुलगी वाचली. त्यानंतर सुमारे दीड हजार वैद्यकीय विद्यार्थी पाळ्या लावून महिनोन्‌महिने पिशव्या दाबत बसले. पुढच्याच वर्षी इब्सेन यांनी कोपनहेगनच्या महापालिका रुग्णालयात जो विभाग उभारला, त्याला जगातला पहिला अतिदक्षता विभाग मानतात.

यातली एक बाब सहसा सांगितली जात नाही. ही मुलं जागी होती. पोलिओने स्नायू लुळे पडतात, शुद्ध हरपत नाही. म्हणजे कृत्रिम श्वासोच्छ्वासाचा हा उपचार जन्मला तो जाग्या माणसावर.

पोलिओच्याच काळाशी आपलंही नातं आहे. मुंबईतल्या साथीनंतर, १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला, जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने केईएम रुग्णालयात फिजिओथेरपीचं शिक्षण सुरू झालं, आणि देशात या व्यवसायाचा पाया तिथे घातला गेला.

सक्तीच्या अंथरुणाविरुद्धही त्याच सुमारास आवाज उठू लागले होते. लंडनचे डॉ. रिचर्ड आशर यांनी १९४७ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये पडून राहण्याने शरीराचं काय काय बिघडतं ते अवयववार मांडलं. बॉस्टनमध्ये सॅम्युएल लेव्हिन आणि बर्नार्ड लाउन यांनी हृदयविकाराचा झटका आलेल्या रुग्णांना, ज्यांना तेव्हा कित्येक आठवडे हलूही देत नसत, लवकर खुर्चीत बसवायला सुरुवात केली. १९७५ साली 'चेस्ट' या नियतकालिकात व्हेंटिलेटरचा आधार लागणाऱ्या रुग्णांना लवकर चालवण्याबद्दलचं टिपण छापून आलं. तेव्हा कोणाला ते अचाट वाटलं नसावं.

मग हे बंद का पडलं? कारणं सगळी सद्हेतूची होती. त्या काळची यंत्रं आपल्या ठेक्याने हवा ढकलत. रुग्णाने मध्येच स्वतःचा श्वास घेतला की दोघांची झटापट व्हायची. रुग्णाला झोपवलं की झटापट संपायची. फुप्फुसं फार खराब झालेल्या रुग्णांना मोठ्या दाबाने हवा द्यावी लागे, तेव्हा स्नायू शिथिल करणारी औषधंही जोडीला आली. सलाइनमधून अखंड देता येणारी मिडॅझोलॅम, प्रोपोफॉलसारखी गुंगीची औषधं हाताशी आली. शिवाय, घशात नळी घेऊन जागं राहणं ही यातनाच असणार, मग माणसाला ते कळूच नये, ही दयाबुद्धी होती. १९८० आणि ९०च्या दशकांत गाढ गुंगी हाच रिवाज झाला. डेन्व्हरमध्ये अमेरिकेतला एक सुरुवातीचा श्वसन-अतिदक्षता विभाग चालवलेले डॉ. थॉमस पेटी १९९८ मध्ये आयसीयूतलं चित्र पाहून कळवळून लिहिते झाले: पूर्वी आमचे रुग्ण जागे असायचे, खुर्चीत बसायचे, आता जे दिसतात ते निश्चल पडलेले, मॉनिटर नसता तर मृत वाटावेत असे.

त्या निश्चलपणाची किंमत हळूहळू बाहेर येत होती. कॅनडातले चार्ल्स बोल्टन यांनी १९८४ मध्ये दाखवलं की गंभीर आजारात हातापायांच्या नसाच निकामी होऊ शकतात, आणि म्हणून फुप्फुसं सुधारली तरी रुग्ण व्हेंटिलेटरवरून सुटत नाही. टोरोंटोच्या मार्गारेट हेरिज यांनी २००३ मध्ये फुप्फुसांच्या तीव्र निकामीपणातून वाचलेल्या १०९ जणांची वर्षभराची हकिगत मांडली. वय साधारण पंचेचाळिशीचं. आयसीयूतून बाहेर पडताना त्यांचं वजन सरासरी १८ टक्के घटलेलं होतं. वर्षानंतर फुप्फुसं बरीच सावरली होती, पण सहा मिनिटांत चालण्याचं अंतर अपेक्षेच्या दोनतृतीयांश होतं, आणि तक्रार होती ती स्नायूंच्या अशक्तपणाची. पुढे लंडनच्या एका अभ्यासात आयसीयूतल्या रुग्णांच्या मांडीवर सोनोग्राफीचा प्रोब ठेवून पुढचा स्नायू वरचेवर मोजला. दहाव्या दिवसापर्यंत त्याच्या आडव्या छेदाचं क्षेत्रफळ जवळपास १८ टक्क्यांनी घटलं होतं. वरून बघताना मात्र पायावर सूज दिसते, त्यामुळे पायाची काडी झालीय हे घरच्यांच्या लक्षात येतं ते रुग्ण वॉर्डात आल्यावर.

वळण आलं ते औषधाच्या सिरिंज पंपापाशी. शिकागोच्या डॉ. जॉन क्रेस आणि सहकाऱ्यांनी १२८ रुग्णांचा अभ्यास २००० साली प्रसिद्ध केला. निम्म्यांची गुंगी रोज एकदा पूर्ण थांबवली, रुग्ण जागा होईपर्यंत. त्यांचे व्हेंटिलेटरवरचे दिवस ७.३ वरून ४.९ वर आले. माझ्या मते या सगळ्या इतिहासातला सर्वांत महत्त्वाचा प्रयोग हाच, जरी त्यात व्यायामाचा भाग नव्हता. झोपलेल्या माणसाला कोण चालवणार? फार तर फिजिओथेरपिस्ट त्याचे हातपाय हलवून देईल, आणि आपल्याकडच्या कित्येक आयसीयूंत अजूनही तेवढंच होतं, त्याचा दोष फिजिओथेरपिस्टला देता येत नाही.

सॉल्ट लेक सिटीच्या एलडीएस रुग्णालयात पॉली बेली या परिचारिकेच्या पुढाकाराने जाग्या रुग्णाला चालवणं प्रत्यक्षात उतरलं. त्यांचे निकष साधे होते: हाक मारल्यावर रुग्ण प्रतिसाद देतो का, यंत्रातून दिलेल्या हवेतला ऑक्सिजन ६० टक्क्यांच्या आत ठेवून भागतं का, उठवल्यावर रक्तदाब कोसळत नाही ना, तो टिकवायला औषधाचा ठिबक लागत नाही ना. हे जमलं की पायऱ्या ठरलेल्या. आधी पाय खाली सोडून पलंगाच्या काठावर बसायचं. मग खुर्ची. मग चालणं. चालवताना एकाचं लक्ष फक्त नळीवर, दुसऱ्याचं मॉनिटरवर, लघवीची पिशवी आणि सलाइनच्या नळ्या आधीच सोडवून एका बाजूला घेतलेल्या, मागे चाकाची खुर्ची, दम लागला की तिथेच बसवायला. २००७ साली त्यांनी १०३ रुग्णांच्या १,४४९ वेळच्या हालचालींची नोंद प्रसिद्ध केली. अनिष्ट घटना एक टक्क्याहून कमी होत्या, आणि हालचाल करताना श्वासाची नळी एकदाही निघाली नाही. घशातल्या नळीसह चालणं शेकडो वेळा झालं होतं. आपल्या मनातल्या पहिल्या धास्तीला यापेक्षा ठोस उत्तर नाही.

२००९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये विल्यम श्वाइकर्ट यांचा १०४ रुग्णांचा अभ्यास आला. गुंगी दोन्ही गटांत रोज थांबवत होते. एका गटात फिजिओथेरपी आणि ऑक्युपेशनल थेरपी (रोजची कामं पुन्हा करायला शिकवणं) नळी घातल्यापासून सरासरी दीड दिवसात सुरू झाली, दुसऱ्यात सात दिवसांनी. घरी जाताना अंघोळ, कपडे, जेवण, चालणं स्वतःचं स्वतः करू शकणारे पहिल्या गटात ५९ टक्के होते, दुसऱ्यात ३५. बरळणं, भ्रम होणं हेही निम्म्यावर आलं, चारऐवजी दोन दिवस. २०१८च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांमध्ये हलकी गुंगी आणि लवकर हालचाल एकाच चौकटीत आली.

मग कोविड आला आणि बरंचसं कमावलेलं पाण्यात गेलं. चौदा देशांतल्या ६९ आयसीयूंमधल्या २,०८८ कोविड रुग्णांच्या पाहणीत ६४ टक्के रुग्णांना बेंझोडायझेपिन गटातली (मिडॅझोलॅम याच गटातलं) गुंगीची औषधं मिळालेली आढळली, आणि निम्म्याहून जास्त रुग्णांना भ्रम झाला. ज्यांच्याशी नातेवाइकांची भेट झाली, प्रत्यक्ष किंवा व्हिडिओ कॉलवर, त्यांच्यात भ्रमाचा धोका कमी होता. २०२० आणि २१ मध्ये आपली माणसं काचेपलीकडे ठेवून घरी बसलेल्यांना हे वाचून काय वाटेल, हे सांगायला नको.

२०२२ मध्ये उत्साहाला लगाम बसला. ऑस्ट्रेलियातल्या कॅरल हॉजसन यांच्या नेतृत्वाखाली सहा देशांतल्या ७५० रुग्णांवर 'टीम' नावाची चाचणी झाली. एका गटाला रोज जास्तीत जास्त हालचाल, सुमारे २१ मिनिटं; दुसऱ्याला नेहमीची, सुमारे ९ मिनिटं. सहा महिन्यांत जिवंत आणि रुग्णालयाबाहेर घालवलेले दिवस १४३ विरुद्ध १४५, म्हणजे फरक नाहीच. उलट हृदयाची लय बिघडणं, रक्तदाब किंवा ऑक्सिजन घसरणं अशा घटना ९.२ टक्क्यांत घडल्या, दुसऱ्या गटात ४.१ टक्क्यांत. 'लवकर हालचाल फोल ठरली' अशा बातम्या झाल्या. मला तो अर्थ चुकीचा वाटतो. नेहमीच्या गटातले रुग्णही रोज हलत होते. प्रश्न हलवावं की नाही हा नव्हता, किती हलवावं हा होता. जिथे रुग्ण आठवडाभर गाढ झोपेत ठेवला जातो, तिथे या चाचणीचा दाखला देऊन गप्प बसता येणार नाही.

त्यानंतर २०२३ मध्ये शिकागोच्याच भक्ती पटेल यांनी २०० रुग्णांचा अभ्यास मांडला. पहिल्या चार दिवसांत हालचाल सुरू झालेल्यांपैकी २४ टक्क्यांमध्ये वर्षानंतर स्मरण आणि आकलनाची कमतरता आढळली, नेहमीच्या उपचारांच्या गटात ४३ टक्क्यांमध्ये. स्नायूंसाठी सुरू झालेल्या या उपचाराचा परिणाम मेंदूवर कसा होतो, आणि तो मिनिटांवर अवलंबून असतो की सुरुवातीच्या दिवसावर, यावर आता काम चालू आहे.