अनुबंध व बालपणीचा आघात
(मनोविश्लेषण). आयुष्याच्या पहिल्या काही वर्षांत मूल व त्याला सांभाळणारी व्यक्ती यांच्यात जुळलेले नाते (अनुबंध) आणि त्या वयात सोसलेले आघात यांतून प्रौढ व्यक्तिमत्त्व घडते, असे मानणारी उपपत्ती.

तिचा उगम सामान्यतः सिग्मंड फ्रॉइड यांच्या १८९५–९७ च्या सुमाराच्या लेखनात शोधला जातो. त्याविषयी मतभेद आहेत. एप्रिल १८९६ मध्ये व्हिएन्नात वाचलेल्या निबंधात फ्रॉइड यांनी १८ रुग्णांच्या आधारे हिस्टेरियाचे (शारीरिक कारण न सापडणाऱ्या झटके, लुळेपणा यांसारख्या लक्षणांच्या मनोविकाराचे) मूळ बालपणीच्या लैंगिक अत्याचारात असल्याचे मांडले. २१ सप्टेंबर १८९७ च्या पत्रात मात्र या मतावरचा आपला विश्वास उरला नसल्याचे त्यांनी आपले वैद्य-मित्र विल्हेल्म फ्लीस यांना कळवले. पुढे भर प्रत्यक्ष घटनेवरून अबोध (जाणिवेत नसलेल्या) इच्छांवर व कल्पनांवर गेला. हा बदल पुराव्याअभावी झाला की समव्यावसायिकांच्या विरोधामुळे, यावर १९८० च्या दशकात कडाक्याचा वाद झाला. अत्याचार खरोखर घडतात हे फ्रॉइड यांनी पुढेही नाकारले नाही. त्यामुळे त्यांनी पूर्ण माघार घेतली असे म्हणणे टोकाचे ठरते. तरीही रुग्णाची व्यथा कल्पनेच्या खाती टाकण्याची सवय व्यवसायात रुजली, आणि तिची झळ रुग्णांनाच बसली. हंगेरीचे मनोविश्लेषक सांडोर फेरेन्सी यांनी १९३२ मध्ये जर्मनीतील व्हीस्बाडेन येथे प्रत्यक्ष आघाताची बाजू पुन्हा मांडली. त्यांच्या मते भेदरलेले मूल अत्याचार करणाऱ्याशीच तादात्म्य पावते (मनाने एकरूप होते) व त्याचा अपराधभाव स्वतःवर घेते. मोठेपणी सतत समोरच्याची मर्जी राखणाऱ्या व्यक्तींचा उलगडा या मांडणीतून अधिक चांगला होतो.

ब्रिटिश मनोविश्लेषक जॉन बोल्बी यांनी १९५८ मध्ये अनुबंध हा भुकेवर अवलंबून नसलेला, स्वतंत्र जन्मजात कल असल्याचे प्रतिपादन केले. त्यांच्या सहकारी मानसशास्त्रज्ञ मेरी एन्सवर्थ यांच्या प्रयोगात आई वर्षभराच्या मुलाला अनोळखी खोलीत काही मिनिटे ठेवून जाते. ती परतल्यावर एक मूल तिला बिलगून शांत होते, दुसरे खेळण्यावरून नजर उचलत नाही, तिसरे कडेवर जाऊनही लाथा झाडत रडते. अशा अनुभवांतून मनात नात्यांचा साचा बसतो, पण तो कायमचा नसतो, असे बोल्बी मानत.

नागपूरच्या महाल या जुन्या वस्तीतील वाड्यांत आजी, काकू, आत्या यांच्या अंगाखांद्यावर वाढलेल्या मुलाला मुलाचा अनुबंध एकट्या आईशीच जुळतो हे गृहीतक जसेच्या तसे लागू पडत नाही. ड्यूटीवरून आलेल्या आईकडे न जाता ते आजीचा पदर धरून बसले, तर तेवढ्यावरून अनुबंध बिघडल्याचा निष्कर्ष घाईचा होईल. एन्सवर्थ यांनाही युगांडात एकाहून अधिक व्यक्तींशी अनुबंध जुळलेली मुले आढळली होती. भारतीय मनोविश्लेषक सुधीर कक्कर यांनी १९७८ मध्ये भारतीय मुलाचा आईशी दीर्घ सहवास व पाचव्या वर्षाच्या सुमारास पुरुषांच्या जगात होणारी त्याची रवानगी यांना महत्त्व दिले. हे विवेचन मुख्यतः मुलग्यांविषयीचे आहे.