युनिक्स वेळ म्हणजे 1970 पासूनचे सगळे सेकंद नव्हेत

संगणक वेळ नोंदवण्यासाठी जो आकडा वापरतात ती युनिक्स वेळ म्हणजे 1 जानेवारी 1970 च्या यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) मध्यरात्रीपासून आजवर उलटलेले एकूण सेकंद, असे सर्रास शिकवले जाते. ते काटेकोरपणे खरे नाही. युनिक्ससारख्या कार्यप्रणालींसाठीच्या पॉझिक्स मानकाने हा आकडा सूत्रावर बसवला असून त्यात प्रत्येक दिवस नेमका 86,400 सेकंदांचा धरला जातो. प्रत्यक्षात मात्र पृथ्वीचे परिवलन अणुघड्याळांशी तंतोतंत जुळत नसल्यामुळे 1972 पासून यूटीसीमध्ये 27 लीप सेकंद, म्हणजे जादा सेकंद, घालण्यात आले आणि त्यांपैकी एकही या आकड्यात धरलेला नाही.

शेवटचा लीप सेकंद 31 डिसेंबर 2016 चा. (भारतात तेव्हा नववर्षाच्या पहाटेचे साडेपाच वाजत होते.) यूटीसीनुसार 23:59:59 वाजता आकडा 1483228799 होता, त्यापुढच्या 23:59:60 या जादा सेकंदाला सूत्राने 1483228800 मिळतो आणि लगेच येणाऱ्या 00:00:00 लाही तोच. त्यामुळे 23:59:59 आणि 00:00:00 यांच्यात खरे अंतर दोन सेकंदांचे असूनही वजाबाकी एकच सेकंद दाखवते.

याला मानकातील गफलत म्हणणे अन्यायाचे होईल. आकड्याला 86,400 ने भागले की दिवस हाती येतो, लीप सेकंदांचा तक्ता जवळ बाळगावा लागत नाही, आणि तारखा नोंदवण्यासाठी एवढे पुरेसे आहे. दोन घटनांमधला कालावधी मोजताना मात्र, विशेषतः सेकंदाच्या अंशांना महत्त्व असेल तिथे, कार्यप्रणालीचे मोनोटॉनिक, म्हणजे कधीही मागे न जाणारे, घड्याळच वापरावे, कारण युनिक्स वेळ दुरुस्तीच्या वेळी मागेही सरकू शकते.