कोविडकाळातील कलावंत-साहाय्य (कोकण)

कोविड महासाथीत रोजी बुडालेल्या कलावंतांना महाराष्ट्र शासनाने दिलेली आर्थिक मदत. कोकणात तिचा संबंध मुख्यतः सिंधुदुर्गातील दशावतार (रात्रभर चालणारे लोकनाट्य) व पिंगुळीची चित्रकथी (चित्रे दाखवत कथा सांगण्याची कला) आणि रत्नागिरीकडील नमन-खेळे, जाखडी या लोककलांशी येतो.

२५ मार्च २०२० पासून टाळेबंदी लागली, तेव्हा दशावताराचा हंगाम ऐन भरात होता. कार्तिकातल्या जत्रांपासून सुरू झालेले दहीकाले, म्हणजे दशावताराचे खेळ, मिरगाच्या (पावसाळ्याच्या) तोंडापर्यंत चालतात. जत्रेतल्या नाटकाला तिकीट नसते. देवस्थान किंवा यजमान कंपनीला (नाटकमंडळीला) बिदागी देतो आणि तिच्यातून राजापार्टी (राजाची भूमिका करणारा), स्त्रीपार्टी (स्त्रीभूमिका करणारा), संकासुर, पेटी-मृदंगवाले यांची ‘नाईट’, म्हणजे एका रात्रीच्या खेळाचे मानधन, निघते. हंगामाआधी कंपनीच्या मालकाकडून उचल (आगाऊ रक्कम) घ्यायची आणि नाईटींतून ती फेडायची, ही जुनी रीत. हंगाम बुडाला की उचल अंगावर राहते. पुढचे वर्षही तसेच गेले. ६ मार्च २०२१ ची आंगणेवाडीच्या भराडीदेवीची जत्रा आंगणे कुटुंबीयांपुरतीच झाली. मे महिन्यात तौक्ते वादळाने किनाऱ्याला झोडपले. मधे, ५ नोव्हेंबर २०२० पासून, नाट्यगृहे निम्म्या आसनक्षमतेने उघडली होती खरी, पण देवळासमोरच्या मांडाला, खेळाच्या उघड्या जागेला, आसनक्षमता कुठली!

थेट मदत २०२१ मध्ये ठरली : सुमारे ५६,००० एकल कलावंतांना प्रत्येकी ५,००० रुपये, एकदाच. ही रक्कम २८ कोटींची. संस्था व समूहांची वेगळी तरतूद धरून एकूण खर्च ३५ कोटींच्या घरात. कलाक्षेत्रातील १५ वर्षांचे काम ही त्यातली एक अट. दशावताऱ्याची खरी अडचण इथेच होती. त्याला संहिता तोंडपाठ नसते, कारण ती लिहिलेलीच नसते. तसेच त्याच्या नोकरीचेही. पंधरा वर्षे रात्री जागवल्याची साक्ष गाव देईल, कागद देणार नाही. शिवाय कंपनीविना ज्याचा खेळ उभाच राहत नाही, तो सरकारी अर्जात ‘एकल’ ठरला.

याहून जुना आधार म्हणजे १९५४-५५ पासूनचे वृद्ध साहित्यिक व कलावंत मानधन. महासाथीच्या काळात ते श्रेणीनुसार दरमहा २,२५० ते ३,१५० रुपये होते. २०२४ मध्ये सरसकट ५,००० झाले. टाळेबंदीत दोन हंगाम मिळून जेवढे एकदा मिळाले, तेवढे आता पात्र ज्येष्ठ कलावंताला महिन्याला मिळते.