आचका पेट्रोलचा की करंटचा?

"आचके द्यायलीय" एवढं सांगून जुनी पेट्रोल पिकअप गॅरेजला लावली, की आमच्या बीडकडं आधी कार्बोरेटर (पेट्रोल-हवा मिसळणारा भाग) उघडला जातो. जेट, म्हणजे त्यातली पेट्रोलची बारीक भोकं, फुंकतात, पैसे घेतात, आणि मांजरसुंब्याच्या घाटात गाडी पुन्हा तेच करते. पेट्रोल कमी पडलं तरी आचका, प्लगच्या ठिणगीला करंट कमी पडला तरी आचका. म्हणून पाना हातात घेण्याआधी आचका नेमका कधी येतो ते बघावं.

पेट्रोलचा आचका पाय दाबला त्याच क्षणी येतो. गाडी भप्पकन दबते, कधी कार्बोरेटरमधून उलटा फटका मारते, आणि मग काही झालंच नाही अशी पळते. एकदम रेस दिली की हवा लगेच आत घुसते; पेट्रोल जड, ते मागं राहतं. ही तूट भरायला कार्बोरेटरात छोटा पंप असतो, तो पिचकारी मारतो. त्याचं रबर कडक झालं की पिचकारी बसत नाही. आता पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, ते जुन्या रबराला मानवत नाही. (ऊस आपलाच, तक्रार कुणाकडं करायची!) इंजिन बंद करा, बिडी लांब ठेवा, एअर फिल्टर काढून थ्रॉटल (रेसची झडप) हातानं फिरवा. आत लगेच धार दिसली पाहिजे. उशिरा आली किंवा नुसतीच ठिबकली, तर पंप गेला.

करंटचा आचका असा सुटत नाही. उभ्या जागी रेस दिली तर कदाचित सगळं ठीक. माल भरून चढावर पाय दाबून धरला की मिसिंग (मधेमधे ठिणगी चुकणं) सुरू, ते पाय काढेपर्यंत. सिलिंडरमधला दाब वाढला की ठिणगीला जास्त व्होल्टेज लागतं, आणि जळालेले पॉइंट (करंट जोडणारे-तोडणारे), थकलेली कॉइल (व्होल्टेज वाढवणारी) किंवा वाढलेला प्लगचा गॅप तिथं उघडे पडतात. वायरींतून करंट गळतो का, ते अंधारात बॉनेट उघडून दिसतं.

चोक ओढला की हवा कमी होऊन पेट्रोलचं प्रमाण वाढतं; गरम इंजिनवर तो जरासा ओढून चालवा. आचका कमी झाला तर पेट्रोल कमी पडतंय. फरक पडला नाही तर करंटकडं वळा.

एक गोची मात्र आहे. काही डिस्ट्रिब्यूटरना (प्लगांना करंट वाटणारा भाग) व्हॅक्यूमची डबी असते; ती इंजिनच्या ओढीवर ठिणगीची वेळ, म्हणजे टायमिंग, पुढं सरकवते. तिचा पडदा फाटला की टायमिंग पुढं सरकत नाही, वर तिथूनच फालतू हवाही ओढली जाते. चोक ओढला की गाडी थोडी सुधारते, आणि माणूस पुन्हा कार्बोरेटर उघडून बसतो. त्याआधी डबीची नळी तोंडानं ओढून जिभेनं बंद करा; ओढ टिकली नाही तर पडदा फाटलाय.