खाटेपाशी मिळणारं प्रशिक्षण

डिमेन्शिया, म्हणजे स्मृती आणि विचारशक्ती ढासळवणारा आजार झालेल्या एखाद्या आजी आंघोळीच्या वेळी ओरडतात, हात झटकतात, क्वचित मारायलाही धावतात. काही न शिकवता कामाला लावलेल्या मदतनिसाला हा निव्वळ त्रास वाटतो आणि मग त्यांना शांत करणारं औषध सुरू होतं. शिकलेली मदतनीस आधी कारण शोधते. खांदा दुखतोय का? पोट साफ झालं नाही का? पाणी गार आहे का? की अनोळखी हातांनी कपडे काढल्याची लाज वाटतेय? दुखणं शब्दांत सांगता येत नाही, म्हणून ते वागण्यातून बाहेर पडतं.

या फरकाचं मोजमापही झालं आहे. २००६ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये आलेल्या अभ्यासात १२ वृद्धनिवासं होती. निम्म्या ठिकाणी कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण दिलं. वर्षअखेरीस तिथे मनोविकारावरची औषधं घेणाऱ्यांचं प्रमाण २३ टक्के होतं, इतरत्र ४२ टक्के. औषधं कमी झाली तरी रहिवाशांची अस्वस्थता वाढली नाही. डिमेन्शियाच्या रुग्णांमध्ये या औषधांनी पक्षाघाताचा आणि मृत्यूचा धोका वाढतो, हे लक्षात घेतलं की या आकड्यांचं मोल कळतं.

मला त्यात सगळ्यात महत्त्वाची वाटते ती शिकवण्याची रीत. प्रशिक्षक आठवड्यातले दोन दिवस, सलग दहा महिने निवासात येऊन कर्मचाऱ्यांबरोबर काम करत होते. पुढे ५० निवासांत झालेल्या एका ब्रिटिश चाचणीत कर्मचाऱ्यांना रहिवाशांच्या निरीक्षणाची एक पद्धत शिकवून ती राबवण्याची जबाबदारी त्यांच्यावरच सोपवली. बहुतेक ठिकाणी निरीक्षणाच्या पहिल्या फेरीनंतर काम अडलं आणि रहिवाशांच्या अस्वस्थतेत फरक पडला नाही. कामाच्या रगाड्यात शिकलेलं वापरायला वेळच मिळाला नाही, तर दुसरं काय होणार?

भरवण्याचंच बघा. गिळायला त्रास होणाऱ्या माणसाला आडवं ठेवून घाईघाईने भरवलं, तर घास श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होऊ शकतो. ताठ बसवायचं, छोटा घास द्यायचा, तो गिळला गेल्याची खात्री करायची, मगच पुढचा. हे सांगायला पाच मिनिटं पुरतात, पण एका मदतनिसाकडे एकाच वेळी भरवायची बरीच माणसं असतील तर ते पाळणं अशक्य आहे. म्हणून प्रशिक्षणाचा खर्च मंजूर करतानाच पाळीवर पुरेशी माणसं आणि शिकलेली माणसं टिकतील असा पगार, या दोन्हींची तरतूद व्हायला हवी.