दार्जिलिंगची वाफेची इंजिनं

दार्जिलिंग हिमालयन रेल्वेची बी-क्लास इंजिनं म्हणजे शंभरी ओलांडूनही रोजच्या कामावर असलेली वाफेची इंजिनं. १८८९ पासून १९२० च्या दशकापर्यंत अशी ३४ बनली, बहुतेक ग्लासगोची, काही अमेरिकेतल्या बाल्डविन कंपनीची आणि तीन तर रेल्वेच्या स्वतःच्या तिनधारिया वर्कशॉपमध्ये. २ फुटी गेजची (म्हणजे दोन रुळांत दोनच फूट अंतर असलेली) ही लाईन १८८१ ला दार्जिलिंगला पोचली, १९९९ ला युनेस्कोच्या जागतिक वारशात आली. २००० पासून डिझेल इंजिनं आली तरी दार्जिलिंग ते घुम जॉयराईडला, म्हणजे पर्यटकांच्या फेरीला, वाफेचं इंजिन अजूनही लागतं, आणि घुम स्टेशन २,२५८ मीटरवर आहे म्हणजे चढ काय असेल बघा.

इंजिन छोटं, चारच चाकं, पण चालवायला माणसं बरीच लागतात. ड्रायव्हर, फायरमन, वर बसून कोळसा फोडणारा आणि पुढच्या बंपरवर बसलेले दोघं, जे चाक घसरायला लागलं की हाताने रुळावर वाळू टाकतात. चढावर बॉयलरमधलं पाणी मागेपुढे सरकतं, त्यामुळे काचेच्या नळीत पातळी बघताना उताराचाही हिशोब धरावा लागतो, कारण फायरबॉक्सच्या, म्हणजे कोळसा जळतो त्या पेटीच्या, वरचा पत्रा पाण्याबाहेर उघडा पडला तर बॉयलर फुटू शकतो. म्हणूनच तिथे वितळणारा प्लग बसवलेला असतो, पाणी कमी झालं की तो वितळतो आणि वाफ आगीवर सुटते.

शेडमधलं काम तर कुणाला दिसतच नाही. पहाटे आग पेटवून बॉयलर हळूहळू तापवायचा, घाई केली तर पत्रे आणि नळ्यांचे सांधे ताणतात. संध्याकाळी राख काढायची, ठरावीक दिवसांनी बॉयलर थंड करून आतला क्षार धुवायचा, गळक्या नळ्या बदलायच्या. सुटे भाग बाजारात मिळत नाहीत, बरेचसे घडवूनच घ्यावे लागतात. भाग बदलत गेले तर इंजिन जुनं कसं राहिलं असं विचारणारे असतात, पण मला वाटतं चालतं ठेवणं हेच खरं जतन, कारण कोळसा कसा पसरायचा, वाफ कशी धरायची हे काम करतानाच एकाकडून दुसऱ्याकडे जातं.

आपल्या माथेरानच्या लाईनची जर्मन बनावटीची जुनी इंजिनं १९८० च्या दशकात थांबली, त्यातलं एक दिल्लीच्या रेल म्युझियममध्ये उभं आहे. नंतर दार्जिलिंगचंच एक बी-क्लास इंजिन नेरळला आणलं गेलं.