रेशनचं धान्य आणि आनंदाचा शिधा: दुकान एकच, आधार वेगळा

नाशिक शहरात पंचवटीत असो की जिल्ह्यातल्या पेठ-सुरगाण्यात, रेशनचं महिन्याचं धान्य आणि सणाला मिळणारा आनंदाचा शिधा त्याच रास्तभाव दुकानातून आणि त्याच ई-पॉस मशीनवर अंगठा देऊन मिळत. म्हणून 'यंदा शिधा का नाही?' आणि 'या महिन्याचे तांदूळ का नाहीत?' हे लोक एकाच सुरात विचारतात. पहिल्या प्रश्नावर दाद मागायला जागाच नाही, दुसऱ्यावर आहे.

शिधा आला तो मंत्रिमंडळाच्या निर्णयाने. २०२२ च्या दिवाळीत शंभर रुपयांत रवा, चणाडाळ, साखर प्रत्येकी एक किलो आणि एक लिटर पामतेल. पुढे गुढीपाडवा, गणपती असं सण बघून तो वाटला गेला. दर वेळी नवा शासन निर्णय, नवी निविदा, नवी तरतूद. यातलं एक अडलं की पिशवी सणानंतर पोचते. २०२५ च्या गणपतीत तर ती आलीच नाही. तिजोरीवर ताण आला की पहिली कात्री अशाच योजनेला लागते, कारण बंद करायला विधिमंडळात मत मागावं लागत नाही.

धान्याचं तसं नाही. २००१ मध्ये पीयूसीएल ही नागरी हक्कांसाठी लढणारी संघटना सुप्रीम कोर्टात गेली, तेव्हा सरकारी गोदामं भरलेली होती आणि राजस्थानात उपासमार होती. कोर्टाचे अंतरिम आदेश, अन्न अधिकार मोहिमेचा रेटा, २००९ च्या जाहीरनाम्यातलं काँग्रेसचं आश्वासन, यातून २०१३ चा राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा झाला. तोही निवडणुकीच्या तोंडावरच, हे खरं. पण २०१४ ला सरकार बदललं तरी प्राधान्य कुटुंबाला माणशी ५ किलो आणि अंत्योदयला, म्हणजे सर्वांत गरीब कुटुंबांना, कार्डामागे ३५ किलो कायम राहिले. (आठ माणसांच्या अंत्योदय घराला प्राधान्यच्या हिशेबाने ४० किलो मिळाले असते, हा कायद्यातला विचित्र कोपरा.)

मात्र कायद्याच्या आतही दोन थर आहेत. किलो कायद्यात आहेत, 'मोफत' नाही. तांदूळ तीन, गहू दोन, भरडधान्य एक रुपया किलो हा दर कायद्याने पहिल्या तीन वर्षांपुरताच बांधला होता. जानेवारी २०२३ पासूनचं मोफत धान्य हा केंद्राचा निर्णय आहे, तो मागे घेता येतो. तसाच इष्टांक, म्हणजे लाभार्थ्यांची ठरवून दिलेली कमाल संख्या: २०११ च्या जनगणनेवरून महाराष्ट्राला सुमारे ७ कोटी माणसं ठरवून दिलेली आहेत. नाशिकच्या सातपूर-अंबड कारखाने-भागाकडे मजूर कितीही वाढोत, तालुक्याचा इष्टांक भरला की पात्र कुटुंबाचं केशरी कार्डही धान्याविना तसंच पडून राहतं. शहरात वार्षिक ५९ हजार, ग्रामीण भागात ४४ हजार ही उत्पन्नमर्यादाही राज्याने ठरवलेली.

धान्य कमी मिळालं तर आधी मशीनची पावती मागा. पावतीवर २५ किलो आणि पिशवीत २२ असतील तर गडबड दुकानात आहे. 'माल आला नाही' असं उत्तर मिळालं तर मनमाडच्या अन्न महामंडळाच्या गोदामापासून दुकानापर्यंत उचल कुठे अडली ते तहसीलच्या पुरवठा शाखेत विचारा. शहरात धान्य वितरण अधिकाऱ्याकडे. तक्रार तारखेसह लेखी द्या, पोच घ्या. मग जिल्हा तक्रार निवारण अधिकारी, त्यावर राज्य अन्न आयोग. धान्य दिलंच नाही तर अन्न सुरक्षा भत्ता मागता येतो. तिथे हीच पोच लागते, कारण 'लाभार्थी दुकानात आलाच नाही' हे ठरलेलं उत्तर असतं. १९६७ वर फोन करा, पण फक्त फोनवर थांबू नका.